साक्षीदार काय म्हणाला

३ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

छोट्याचा वाकून नमस्कार. सहासष्टाव्या वर्षी कंबर वाकू देते तितकाच, पण मनापासून.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, कुणाचंही काही बरंवाईट झालेलं नाही. हातात फोन असताना याला हे काय खूळ सुचलं, असं तू म्हणशील. पण ताई, फोनवर आपण बोलतो तरी काय? "जेवलास का", "हो", "तब्येत", "बरी", संपलं. एवढ्यावर तर माझे अशीलसुद्धा मला सोडत नाहीत. पत्रात माणूस बैजवार बोलतो आणि मधेच कुणी तोडत नाही. तेव्हा इथून पुढे मी पत्रच लिहिणार. तूही लिही. तुझं ते फळ्यावरचं टपोरं अक्षर बघून फार दिवस झाले.

आमचं कोर्ट नव्या इमारतीत गेलं. बाहेरून बघितलं तर डोळे दिपतात. आत छत इतकं उंच की साक्षीदार जे बोलतो ते सरळ वर जातं आणि तिथंच मुक्काम करतं. इथं माणसं बोलायला येतात हे बांधणाऱ्याला कुणी सांगितलेलंच दिसत नाही. माइक लावलेत, पण ते फक्त खोकला तेवढा पकडतात. त्यात हल्लीची पिढी बोलत नाही, पुटपुटते. एक नवी वकील आली आहे, एवढीशी, आणि आवाज त्याहून एवढासा. वकिलांच्या खोलीत तिला सगळे चिमणी म्हणतात. परवा दहा मिनिटं उभी राहून काहीतरी सांगत होती. मी शेवटी म्हटलं, "बाई, दाणे टिपताय की युक्तिवाद करताय?" सगळे हसले, तीही हसली. गुणी आहे पोर.

माझी जुनी सवय तुला ठाऊक आहे. साक्षीदार पुटपुटला की त्याचं उत्तर मी मोठ्यानं म्हणतो आणि टायपिस्टबाई माझ्या तोंडून ते टाइप करतात. चाळीस वर्षं असंच चाललंय. न्यायाधीश आले, गेले, पण माझ्या शब्दाला कुणी हात लावला नाही.

घरी सगळं ठीक. टीव्हीवरच्या चर्चा मी हल्ली आवाज बंद करून बघतो. सात माणसं एकदम बोलतात, काही फरक पडत नाही, उलट कोण खोटं बोलतंय ते चेहऱ्यावरून लवकर कळतं. मागच्या रविवारी हिनं केळी आणायला सांगितली आणि मी दुकानातून पाव किलो खिळे घेऊन आलो. हिनं ते ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "घ्या, साल काढून खा." लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी बायको अजून नीट बोलायला शिकलेली नाही.

तुझा,
छोट्या

११ फेब्रुवारी

चि. छोट्यास,

पोटभर आशीर्वाद. पत्र मिळालं तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पोस्टमनच्या हातातलं अक्षर लांबूनच ओळखलं आणि हातातला टॉवेल खालच्या मजल्यावर पडला. खालची बाई अजून माझ्याशी बोलत नाही.

खरं सांगू, फार बरं वाटलं. सूनबाईला वाचून दाखवलं, मग तिच्या माघारी पुन्हा एकदा वाचलं. आणि मग एक गोष्ट मनात आली, ती विचारून टाकते, कारण पोटात ठेवून घ्यायची माझी सवय नाही. गेल्या चार महिन्यांत मी किती फोन केले ते मला माहीत आहे. दर वेळी तुझी बायको उचलते आणि म्हणते, "ते अंघोळीला गेलेत." सकाळी केला तर अंघोळ, दुपारी केला तर अंघोळ, संध्याकाळी केला तरी अंघोळच. छोट्या, तू वकील आहेस की बदक? माझं काही चुकलं का? मागे तुझ्या मुलाच्या नोकरीबद्दल मी दोन शब्द बोलले होते ते तिला लागले असतील तर तसं सांग. मी मोठी असले तरी माफी मागायला मला लाज नाही.

माझं अक्षर जरा हललेलं दिसेल. टेबल डुगडुगतं.

तुझी चिमणी कोण आहे ग बाई? बिचारीला असं सगळ्यांसमोर बोलू नकोस. तुला आठवत नसेल, पण तू दुसरीत असताना वर्गात कविता म्हणायला उभा राहिलास की तुझाही आवाज बाहेर पडत नसे, आणि मी पाचवीच्या वर्गातून पळत येऊन तुझ्या शेजारी उभी राहत असे. आता तू घंटेसारखा बोलतोस, म्हणून जन्मतःच घंटा होतास असं समजू नकोस.

इकडे रस्ता खणलाय. गेल्या वर्षी पाण्यासाठी खणला, बुजवला, आता कशासाठी खणलाय ते खणणाऱ्यांनाही माहीत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आजी, वरून हुकूम आहे." कुठून वरून, तर बोट आभाळाकडे.

लवकर लिही. आणि अंघोळ कमी कर.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. तुझ्याबद्दल इथं कुणाच्या मनात काही नाही. ही तुझं पत्र वाचून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली. बायकांचं मला कळत नाही. टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घाल, डुगडुगणं थांबेल.

पेपरात परत बातमी आहे की खटले आता झटपट निकाली निघणार. मी सनद घेतली त्या वर्षीही हीच बातमी होती. कात्रण सापडलं तर पाठवतो, फक्त मंत्र्याचा फोटो बदललाय.

पण आज मी तुला माझा पराक्रम सांगायला बसलोय. ऐक.

माझा अशील चष्मेवाला. त्याच्या दुकानाला लागून एक बोळ आहे, आणि बोळाच्या पलीकडे एक कुलूपवाला. कुलूपवाल्याचं दुकान पुढे आणि घर मागे. घराचा दरवाजा त्या बोळात उघडतो. चष्मेवाल्यानं बोळाच्या तोंडाशी दार बसवून टाळं लावलं. आता कुलूपवाल्यानं स्वतःच्या घरी जायला टाळं उघडून घ्यायचं म्हणजे गंमतच. हवं तर तो दोन मिनिटांत उघडेल, पण कायद्यानं चालणारा माणूस, दावा लावला. म्हणतो, वाट दोघांची आहे. त्याची वकील कोण, तर आपली चिमणी. तिची पहिलीच केस.

दहा दिवसांपूर्वी त्याची उलटतपासणी होती. चाळिशीचा, जाडजूड, मिशीवाला, पण पिंजऱ्यात उभा राहिला की आवाज मांजराच्या पिल्लाचा. मी विचारलं, "वाट दोघांची आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" तो पुटपुटला. आणि ताई, मला कानावर विश्वास बसेना. मी मोठ्यानं म्हणालो, "वकिलांनी सांगितलं. बरोबर?" त्यानं मान हलवली. टायपिस्टबाईंनी टाइप केलं. साक्षीदार स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय की वकिलानं त्याला पढवून उभं केलंय. असं सोनं चाळीस वर्षांत एकदा हाती लागतं. चिमणी उठली, तिचे ओठ हलत होते. मी म्हटलं, "बसा, तुमची पाळी येईल." मग तो कुलूपवाला आणखी काहीतरी म्हणाला. मला एवढंच कळलं, "ते गेले." मी लगेच धरला. म्हटलं, "गेले नव्हे, गेल्या म्हणा. आणि गेल्या तरी कुठं, समोर तर उभ्या आहेत." असं म्हणून चिमणीकडे बोट केलं. मागच्या बाकांपर्यंत हशा पिकला. कुलूपवाल्याचं तोंड पडलं, बाहीनं डोळे पुसायला लागला. खोटं उघडं पडलं की असंच होतं.

नंतर चिमणीनं अर्ज दिला की साक्षीदार दुसरंच काही म्हणाला होता. शब्द कुठला ते मी वाचत बसलो नाही, असे अर्ज हरणारे सगळेच देतात. न्यायाधीश नवे आहेत, कडक आहेत. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "चाळीस वर्षांत माझ्या कानानं मला दगा दिलेला नाही." त्यावर त्यांनी तिला नोटीस काढली. साक्षीदाराला पढवल्याबद्दल आठ एप्रिलला खुलासा द्यायचा, नाही पटला तर प्रकरण वकिलांच्या समितीकडे. सनद जाऊ शकते. तिचं मला वाईट वाटतं, आठवडाभर ती कोर्टात दिसलेली नाही. पण पहिल्याच वर्षी अशा सवयी लागल्या तर पुढे काय?

तुझा,
छोट्या

२७ फेब्रुवारी

चि. छोट्यास,

आशीर्वाद. हे पत्र एकटा असताना वाच. आणि वाचून झाल्यावर फाडायचं असेल तर फाड, पण पूर्ण वाच.

मी बत्तीस वर्षं मुलांना शुद्धलेखन घातलं. मी सांगायचं, "राजा वनात गेला", आणि शेवटच्या बाकावरचा कुणीतरी लिहायचा, "राजा मनात गेला". पोरगं मठ्ठ नसायचं. त्याला ऐकू आलं नसायचं, पण विचारायची लाज वाटायची, मग जे जवळचं वाटेल ते लिहून मोकळं व्हायचं. असं पोर मी वहीवरून ओळखायची. तुझी दोन्ही पत्रं मी काल समोर ठेवली, आणि मला ती वही दिसली.

केळ्यांचे खिळे झाले. टीव्हीचा आवाज बंद. फोन आला की अंघोळ. छत उंच, माइक वाईट, पिढी पुटपुटते, बायकोला बोलता येत नाही. छोट्या, सगळं जग एका वर्षात पुटपुटायला लागलं होय? आणि मी वेडी, भावाला माझ्या अक्षराची आठवण आली म्हणून गल्लीभर सांगत सुटले. तुला फोनवरचं ऐकू येत नाही म्हणून तू पत्रं लिहितोस. तुझी बायको भांडी का आपटत होती ते आता तरी कळलं का?

हे घरातलं झालं. त्याचं मला काही नाही, वय झालं की एकेक पाहुणा निरोप घेतोच. पण कुलूपवाल्याचं काय?

मी तिथं नव्हते, पण शाळेत गेलेली बाई आहे. चिमणी बाईमाणूस. चाळिशीचा कारागीर तिला काय म्हणेल? "वकीलबाईंनी सांगितलं." नुसतं "वकिलांनी" कशाला म्हणेल? आणि मग "ते गेले" कसं म्हणेल? त्याचं व्याकरण चुकलं नव्हतं रे. दोघांची वाट आहे हे माणसाला कोण सांगतं? आधीच्या पिढीचं माणूस सांगतं. तो म्हणाला असणार, "वडिलांनी सांगितलं." तू तुझ्या घंटेच्या आवाजात काहीतरी म्हणालास, छत उंच, त्याला त्याचाच शब्द परत ऐकू आला, म्हणून त्यानं मान हलवली. आणि मग त्यानं खरं ते सांगितलं. ते गेले.

बाप गेल्याचं सांगणाऱ्या माणसाला तू भर कोर्टात लिंग-वचन शिकवलंस आणि लोकांना हसवलंस. तो खोटं उघडं पडलं म्हणून डोळे पुसत नव्हता.

तू मुद्दाम केलं नाहीस, हे मी कुणासमोरही छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्या पोरीची सनद तुझ्या एका अक्षरापायी जातेय. ड आणि क, छोट्या. एवढंच अंतर.

कानाच्या डॉक्टरकडे नंतर जा. आधी तिचा अर्ज वाच.

तुझी,
ताई

५ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. पत्र मिळालं. त्यातले सर्व आरोप अमान्य आहेत.

घटनास्थळी हजर नसलेल्या, कायद्याचं शिक्षण नसलेल्या आणि कल्पनाशक्तीचा अतिरेक असलेल्या साक्षीदाराच्या जबानीवर कोणतंही कोर्ट निर्णय देत नाही. मला ऐकू येतं. पट्टेवाल्याची हाक मला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येते. तू चारशे मैलांवर बसून माझे कान तपासू नकोस.

आणि समजा, फक्त वादासाठी समजा, की तू म्हणतेस तसं आहे. मग मी काय करावं? उभं राहून सांगावं की हा माणूस आता बहिरा झाला? दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कोण येईल? सकाळी कोट चढवून मी जाऊ कुठं? हिच्या पायात पायात करू दिवसभर? तुला बोलायला काय जातं. तू वेळच्या वेळी निवृत्त झालीस, टाळ्या वाजल्या, गुच्छ मिळाला.

काही दिवस लिहायला जमणार नाही. कामं आहेत.

छोट्या

१२ मार्च

चि. छोट्यास,

आशीर्वाद. रागाचं पत्र मिळालं. राग आला तरी "ती." लिहायला विसरला नाहीस, त्याबद्दल शंभरपैकी दहा.

आता मीही एक गोष्ट सांगते, जी तुझ्या भाच्यालाही ठाऊक नाही. आमचं टेबल चांगलं भक्कम आहे. डुगडुगतो तो माझा हात. आजचा नाही, पंधरा वर्षांचा आहे. मी वेळच्या वेळी निवृत्त झाले नाही, तीन वर्षं आधी सोडली शाळा. सगळ्यांना सांगितलं गुडघे दुखतात. तुलाही तेच सांगितलं, आणि तू मला तेलाची बाटली पाठवलीस. ती अजून तशीच आहे.

का सोडली ते सांगते. तिसरीचा वर्ग. एका मुलीनं वहीत धडधडीत चुकीचा शब्द लिहिला होता. मी तिला उभं केलं, सगळ्यांसमोर विचारलं, "डोळे घरी ठेवून आलीस का?" तिनं तो शब्द खोडला. तास संपल्यावर मी फळा पुसायला वळले आणि बघितलं. मीच तसा लिहिला होता. हात थरथरला होता, एक वेलांटी भलतीकडेच गेली होती. तिनं फळ्यावर होतं ते बरोबर उतरवलं होतं.

मी फळा पुसला. पुढच्या महिन्यात अर्ज दिला. टाळ्या वाजल्या, गुच्छ मिळाला, आणि त्या मुलीला मी एका शब्दानं काही सांगितलं नाही. शाळा सोडल्याचं मला एवढं वाटत नाही, जेवढं याचं वाटतं. ती आता कुठं असेल, मला माहीत नाही. शोधली, सापडली नाही.

तुझा कुलूपवाला सापडेल, छोट्या. त्याचा पत्ता तुझ्या फाइलमध्येच आहे.

मी तुला हे शिकवण म्हणून सांगत नाही. माझ्या भावाला दोष दिला आणि स्वतःचा झाकून ठेवला, असं होऊ नये म्हणून सांगितलं. आता तुला हवं तितके दिवस गप्प बस. मी दर गुरुवारी पोस्टमनची वाट बघते, ती बघीन.

तुझी,
ताई

१० एप्रिल

तीर्थरूप ताईस,

नमस्कार. तुला चार गुरुवार रिकामे घालवायला लावले, त्याबद्दल आधी क्षमा.

तुझं पत्र घेऊन मी दोन दिवस फिरलो. मग चिमणीचा अर्ज काढून वाचला. तू लिहिलं होतंस तोच शब्द. तरी मी हटेना. कोर्टाच्या कँटीनमध्ये टायपिस्टबाईंना गाठलं आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं?" त्या काही बोलल्या, मला समजलं नाही, आणि मी नेहमीसारखा "हो, हो" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पर्समधून बसचं तिकीट काढलं, त्याच्या पाठीवर लिहून माझ्यापुढे सरकवलं. "वडिलांनी." खाली लिहिलं, "तुम्ही दुसरं म्हणालात तेव्हा वाटलं, मलाच चुकीचं ऐकू आलं. तुम्ही कसे चुकाल?" ताई, शिव्या दिल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

माझा चहा निवून गेला. मी विचारलं, "किती दिवस कळतंय तुम्हाला?" त्यांनी एक बोट वर केलं. मला वाटलं एक महिना. एक वर्ष.

हिला सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सुटले बाई, फोनवर खोटं बोलून बोलून मला वीट आला होता." कानाचे डॉक्टर म्हणाले, आधी बारीक आवाज जातात, बायकांचे, मुलांचे, दबून बोलणाऱ्यांचे. पट्टेवाला ओरडतो, म्हणून तो ऐकू येतो. यंत्र मिळेल, थोडा उपयोग होईल, पण मोठ्या खोलीत फार नाही.

अशिलाला सांगणं भाग होतं. चष्मेवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइल उचलली. दारातून परत वळून काहीतरी म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायला लावलं तेव्हा कळलं. "साहेब, डोळे असते तर मी काहीतरी केलं असतं." माणूस वाईट नाही.

परवा आठ तारीख होती. चिमणी आली होती. कोट अंगात नव्हता, घडी घालून मांडीवर ठेवला होता. शेजारी कुलूपवाला. त्याच्या दाव्याची तारीख नव्हती, तिच्यासाठी आला होता. नाव पुकारलं गेलं तसा मी उठलो आणि माझं काही काम नसताना पुढे जाऊन उभा राहिलो. मी सांगितलं की साक्षीदार "वडिलांनी" म्हणाला होता, आणि या पोरीच्या अर्जातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

न्यायाधीशांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग पुढे वाकून, मला ऐकू जावं अशा बेतानं म्हणाले, "असं होतं. टायपिंगमधली चूक म्हणून दुरुस्त करून घेऊ. नोटीस आपोआप रद्द होईल."

ताई, एवढं सोपं होतं. सगळ्यांची सुटका होत होती, माझी सगळ्यात जास्त. मी टायपिस्टबाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती आणि बोटं यंत्रावर ठेवली होती, स्वतःची चूक स्वतःच टाइप करायला तयार. एका शब्दानं नाही म्हणाल्या नसत्या. मला तुझ्या तिसरीतल्या मुलीची आठवण आली.

मी म्हटलं, "नाही साहेब. बाईंनी मी म्हटलं तेच टाइप केलं. लिहायचं तर असं लिहा." आणि माझ्या जुन्या सवयीनं, मोठ्यानं, सावकाश सांगितलं, "वरिष्ठ वकिलांना ऐकू येत नाही. साक्षीदाराचा शब्द त्यांनी चुकीचा ऐकला आणि चुकीचा सांगितला. साक्षीदाराच्या वकिलांचा यात काहीही दोष नाही." टायपिस्टबाईंनी टाइप केलं. त्यांचा चष्मा धूसर झाला होता, मधे एकदा थांबून पुसावा लागला. नोटीस रद्द झाली. चिमणीनं बसल्या जागी कोट अंगात घातला, एक बटण चुकीच्या काजात.

उलटतपासणी यापुढे घेणार नाही, हे मी तिथंच सांगून टाकलं. कागदावरचं काम आहे, ते करीन. सकाळी कोट घालून जायला जागा राहील.

बाहेर व्हरांड्यात कुलूपवाला दिसला. मी हात जोडले. म्हटलं, "तुमचे वडील गेल्याचं तुम्ही सांगत होता आणि मी तुमचं व्याकरण काढत बसलो. मला माफ करा." तो काहीतरी म्हणाला. नेहमीसारखं "हो, हो" माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण मी ते गिळलं. भोवती सगळे वकील उभे होते, माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही. पुन्हा सांगाल का?"

तो जवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा करून, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "वडील म्हणायचे, कधी वकील करायची वेळ आली तर यांनाच कर. मी आलो होतो तुमच्याकडे. पण तुम्ही आधीच चष्मेवाल्याचे झाला होता."

दोन्ही शब्द मला अगदी स्वच्छ ऐकू आले, ताई.

तुझा,
छोट्या